पाऱ्याचा कारागीर

वऱ्हाडातला उन्हाळा मोठा कडक. अचलपूर हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. पण मे महिन्यात डोंगराच्या शेजाराचा त्याला फारसा उपयोग होत नाही. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. बाहेर जाणे भागच असेल, तर लोक डोक्याला रुमाल बांधतात आणि खिशात कांदा ठेवतात. घराघरांत एकच विषय असतो, तो म्हणजे ऊन. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आजोबा सांगतात, की आज पारा एकशे दहावर गेला असणार. शाळेत जाणारा नातू वर्तमानपत्र पाहून सांगतो, की कालचे तापमान ४३ अंश होते. ऐकणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एकाचे काही तरी चुकते आहे.

पण दोघेही बरोबर आहेत. आजोबांचे अंश फॅरनहाइटचे आहेत आणि नातवाचे सेल्सिअसचे. इंग्रजांच्या अमदानीत अचलपूरला एलिचपूर म्हणत. त्या काळच्या सरकारी नोंदींत इथला उन्हाळा फॅरनहाइट अंशांत लिहिला जाई. १९५६ साली आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला. हळूहळू शेर गेला आणि किलो आला, मैल गेला आणि किलोमीटर आला. हवामानाच्या बातम्यांतही फॅरनहाइटच्या जागी सेल्सिअस आले. आजोबा मात्र लहानपणी शिकलेले अंश विसरले नाहीत.

उर्दूत आपण ज्याला दर्जा-ए-हरारत म्हणतो, त्यालाच मराठीत तापमान म्हणतात. दर्जा म्हणजे अंश. पारा हा शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे. या पाऱ्याला काचेच्या नळीत बसवून त्याच्याकडून बिनचूक तापमान वदवून घेणारा माणूस म्हणजे डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट.

फॅरनहाइट यांचा जन्म २४ मे १६८६ रोजी डान्झिग या शहरात झाला. बाल्टिक समुद्राकाठचे हे मोठे व्यापारी बंदर होते. आज ते पोलंड देशात असून त्याला ग्दान्स्क म्हणतात. फॅरनहाइट यांचे घराणे व्यापाऱ्यांचे होते. घरी सुबत्ता होती. पाच भावंडांत डॅनिएल सर्वांत मोठे. त्यांना अभ्यासाची गोडी होती. सर्व काही नीट चालले असते, तर ते बहुधा मोठ्या शाळेत शिकून विद्वान झाले असते.

पण १४ ऑगस्ट १७०१ या दिवशी या घरावर आभाळ कोसळले. जेवणात विषारी अळंबी आली. ती खाल्ल्यामुळे आई आणि वडील दोघेही एकाच दिवशी मरण पावले. पंधरा वर्षांचा डॅनिएल आणि त्याची धाकटी भावंडे पोरकी झाली. मुलांचा सांभाळ करण्यासाठी पालक नेमले गेले. त्यांनी ठरवले, की डॅनिएलने शाळा सोडावी आणि व्यापार शिकावा. त्याला हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. तेथे त्याने जमाखर्च लिहायचा, पत्रांच्या नकला करायच्या आणि चार वर्षांनी तयार व्यापारी होऊन घरी यायचे, असा बेत होता.

ॲमस्टरडॅम हे त्या काळी कारागिरांचे शहर होते. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक, हवेचा दाब मोजणारी यंत्रे, काचेची नाना उपकरणे तेथे तयार होत आणि विकली जात. डॅनिएल हिशेबाच्या वह्यांपेक्षा या दुकानांत अधिक रमू लागला. तेथेच त्याला इटलीतील फ्लॉरेन्स शहरच्या तापमापकांची माहिती झाली. हे तापमापक म्हणजे काचेची बंद नळी आणि तिच्यात मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल. उष्णता वाढली, की मद्यार्क फुगतो आणि नळीत वर चढतो. युक्ती चांगली होती, पण तिच्यात एक मोठी खोट होती. प्रत्येक कारागीर आपल्या मनाप्रमाणे नळीवर खुणा करी. एकाच्या तापमापकावरचा वीस आणि दुसऱ्याच्या तापमापकावरचा वीस यांचा काही संबंध नसे. एका गावच्या थंडीची दुसऱ्या गावच्या थंडीशी तुलना करायची, तर ती कशी करणार? प्रत्येक दुकानदाराने आपले वजन स्वतःच घडवले, तर बाजारात जे होईल, तेच विज्ञानात झाले होते.

ही खोट दूर करण्याचा ध्यास फॅरनहाइट यांनी घेतला. त्यासाठी पैसा हवा होता. वडिलांची इस्टेट होती, पण ती पालकांच्या ताब्यात होती. फॅरनहाइट यांनी त्या वारशाच्या भरवशावर कर्ज काढले आणि व्यापाराकडे पाठ फिरवली. पालक संतापले. त्यांनी डान्झिगच्या अधिकाऱ्यांकडून आदेश मिळवला, की हा मुलगा सापडेल तेथे त्याला पकडावे आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवून पूर्वेकडे पाठवून द्यावे. त्या काळी घराण्याचे नाव बुडवणाऱ्या मुलांना दूर करण्याचा हा एक मार्ग होता. अशा सफरीला गेलेले पुष्कळ जण परत येत नसत. पकडले गेले असते, तर फॅरनहाइट हे नाव आज कोणाला माहीतही नसते.

विशीतला हा तरुण मग गावोगाव फिरत राहिला. जर्मनीतील आणि उत्तर युरोपातील अनेक शहरे त्यांनी पाहिली. जेथे चांगला काच फुंकणारा कारागीर असेल, तेथे त्याची कला पाहायची. जेथे विद्वान असेल, तेथे त्याला भेटायचे, असा त्यांचा क्रम होता. काच फुंकण्याची कला ते स्वतः शिकले. काचनळी सर्वत्र सारख्या जाडीची आणि सारख्या पोकळीची नसेल, तर खुणा कितीही काळजीपूर्वक केल्या, तरी तापमापक खोटेच सांगतो. म्हणून हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवून चालणार नव्हते.

१७०८ साली ते डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे गेले. तेथे ओले रोमर नावाचे थोर खगोलशास्त्रज्ञ राहत होते. प्रकाशालाही वेग असतो, हे त्यांनीच १६७६ साली दाखवून दिले होते. आता ते कोपनहेगन शहराचे महापौर होते. त्यांच्याकडे गेलेल्या बावीस वर्षांच्या फॅरनहाइट यांना एक महत्त्वाची गोष्ट पाहायला मिळाली. रोमर काही तापमापक बर्फाच्या पाण्यात ठेवत आणि मद्यार्क जेथे थांबे तेथे खूण करत. मग तेच तापमापक माणसाच्या अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवत आणि दुसरी खूण करत. या दोन खुणांमधल्या अंतराचे ते सारखे भाग पाडत. बर्फ कोपनहेगनमध्ये वितळो की ॲमस्टरडॅममध्ये, ते एकाच तापमानाला वितळते. म्हणजे खुणा कारागिराच्या मनावर राहिल्या नाहीत, त्या निसर्गाने ठरवल्या.

रोमर यांच्या मापात पाणी गोठण्याची खूण साडेसातवर होती आणि शरीराच्या उष्णतेची साडेबावीसवर. हे अर्धे अर्धे अंक फॅरनहाइट यांना गैरसोयीचे वाटले. त्यांनी प्रत्येक अंशाचे चार भाग केले. साडेसातचे तीस झाले आणि साडेबावीसचे नव्वद. पुढे त्यांनी हे अंक थोडे बदलून ३२ आणि ९६ केले. ३२ आणि ९६ यांत ६४ चे अंतर आहे. चौसष्ट भाग पाडायला कंपासपेटीतील कर्कटक पुरे. अर्ध्याचे अर्धे, त्याचे पुन्हा अर्धे, असे सहा वेळा केले, की झाले. आपल्याला ३२ हा आकडा विचित्र वाटतो. पण हाताने खुणा करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने तो फार सोयीचा होता.

शून्याची खूण त्यांनी बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावरून ठरवली. नवसागर म्हणजे उर्दूतील नौशादर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा जो पांढरा क्षार वापरतो, तोच हा. बर्फात तो मिसळला, की मिश्रण बर्फापेक्षाही पुष्कळ थंड होते.

१७१४ साली फॅरनहाइट यांनी जर्मनीतील हाले येथील विद्वान क्रिस्तियान वोल्फ यांना दोन तापमापक दिले. वोल्फ यांनी ते शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही जवळजवळ एकच अंक दाखवत होते. आज आपल्याला यात काही नवल वाटणार नाही. दोन घड्याळे एकच वेळ दाखवतात, तसे दोन तापमापक एकच तापमान दाखवणार! पण त्या काळी ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती, की वोल्फ यांनी तिच्यावर लेख लिहून छापला.

याच सुमारास फॅरनहाइट यांनी मद्यार्क सोडून पारा वापरायला सुरुवात केली. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे उकळते पाणी मोजण्याच्या कामी तो पडत नाही. पारा मात्र ३५७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि उणे ३८ अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय तो चकाकतो आणि काचेला चिकटत नाही. मात्र पारा अगदी स्वच्छ हवा. फॅरनहाइट यांनी तो स्वच्छ करण्याची चांगली रीत शोधली. तापमापकाचा खालचा गोल फुगा काढून त्यांनी तेथे लांबट नळकांडे बसवले, म्हणजे पारा लवकर तापतो. ही सारी कृती त्यांनी अनेक वर्षे कोणाला सांगितली नाही. त्यांचे पोट याच धंद्यावर होते.

पुढे ते हॉलंडमध्येच स्थायिक झाले. ते तापमापक आणि इतर उपकरणे करून विकत आणि ॲमस्टरडॅममध्ये रसायनशास्त्रावर व्याख्याने देत. लायडनचे विख्यात वैद्य बोरहावे यांच्यासाठी त्यांनी तापमापक तयार केले. प्रयोग चालूच होते. एकदा त्यांनी काचेच्या बंद गोळ्यात पाणी ठेवले आणि ते थंडीत राहू दिले. पाणी गोठण्याच्या खुणेच्या खाली गेले, तरी पातळच राहिले. आणि धक्का लागताच पाहता पाहता त्याचे बर्फ होऊ लागले. पाणी असे फसवू शकते, हे त्यांनी प्रथम नीट नोंदवले.

१७२४ साली ते लंडनला गेले. तेथील रॉयल सोसायटी या विद्वानांच्या संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. ज्याची शाळा पंधराव्या वर्षी सुटली, ज्याला पकडून जहाजावर चढवण्याचा हुकूम निघाला होता, त्याचे लेख या संस्थेच्या नियतकालिकात छापले गेले. त्यांत त्यांनी आपल्या तापमापकाची रीत सांगितली. पाणी २१२ अंशांना उकळते, हे नोंदवले. पाण्याचा उकळण्याचा बिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

मान मिळाला, पण पैसा मिळाला नाही. शेवटच्या दिवसांत ते पाणी उपसण्याच्या एका यंत्रावर काम करत होते. हॉलंडची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, म्हणून अशा यंत्राला तेथे मोठी मागणी होती. त्याच्या हक्कासाठी ते द हेग या शहरी गेले होते. तेथे ते आजारी पडले आणि १६ सप्टेंबर १७३६ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी मरण पावले. त्यांनी लग्न केले नव्हते. गरिबांचा दफनविधी जसा होतो, तसाच त्यांचा झाला.

त्याच १७३६ साली स्वीडनचे एक तरुण खगोलशास्त्रज्ञ पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी उत्तरेकडच्या बर्फाळ लॅपलँडमध्ये गेले होते. त्यांचे नाव आंदेर्स सेल्सिअस. त्यांनी १७४२ साली आपले वेगळे माप मांडले. त्यांनीही दोनच खुणा घेतल्या, बर्फ वितळण्याची आणि पाणी उकळण्याची. पण मधल्या अंतराचे शंभर भाग केले. गंमत अशी, की त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर म्हटले होते. १७४४ साली ते क्षयाने वारले. त्यानंतर लवकरच हे माप उलटे केले गेले, आणि आज आपण ते उलटे केलेलेच वापरतो.

आता दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहू. बर्फापासून वाफेपर्यंत सेल्सिअसचे १०० अंश होतात. फॅरनहाइटमध्ये २१२ मधून ३२ वजा केले, की १८० उरतात. म्हणजे सेल्सिअसचा एक अंश हा फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा, म्हणजेच नऊ-पंचमांश पट, मोठा आहे. सेल्सिअसचा अंक फॅरनहाइटमध्ये नेण्यासाठी त्याला ९ ने गुणायचे, ५ ने भागायचे आणि ३२ मिळवायचे. ४३ चे असे केले, की १०९.४ येतात. आजोबांचे एकशे दहा ते हेच.

हे सूत्र आपण शाळेत पाठ करतो, आणि तेथेच फसतो. समजा, अचलपुरात मे महिन्यात पहाटे २८ अंश सेल्सिअस होते आणि दुपारी ४३ झाले. तापमान १५ अंशांनी वाढले. ही वाढ फॅरनहाइटमध्ये किती? पुष्कळ मुले १५ चे २७ करतात आणि त्यांत ३२ मिळवून ५९ असे उत्तर देतात. ताळा करून पाहा. पहाटेचे २८ म्हणजे ८२.४ फॅरनहाइट. दुपारचे ४३ म्हणजे १०९.४. वजाबाकी केली, तर २७ येतात. ५९ अंशांची वाढ खरी असती, तर दुपारी पारा १४१ च्या पुढे गेला असता आणि अचलपुरात कोणी जिवंत राहिले नसते.

मग ३२ गेले कोठे? ते पहाटेच्या अंकातही होते आणि दुपारच्या अंकातही होते. वजाबाकीत दोन्ही ३२ एकमेकांना कापून गेले. ३२ हा आकडा मोजणी कोठून सुरू करायची, एवढेच सांगतो. फरक मोजताना सुरुवातीचे स्थान लागत नाही. तेथे अंशाचा आकार तेवढा लागतो, म्हणून नऊ-पंचमांशाने गुणले की काम झाले.

हे समजायला कठीण वाटत असेल, तर हिजरी आणि इसवी सन आठवा. हिजरी सन इसवी सन ६२२ पासून मोजला जातो. शिवाय हिजरी वर्ष चंद्रावर चालते, म्हणून ते सुमारे ३५४ दिवसांचे असते. इसवी वर्ष ३६५ दिवसांचे. म्हणजे सुरुवातही वेगळी आणि वर्षाचा आकारही वेगळा. तारीख बदलायची असेल, तर ६२२ चा विचार करावाच लागतो. पण एखाद्या माणसाला हिजरी सनाप्रमाणे ३३ वर्षे पूर्ण झाली असतील, तर इसवी सनाप्रमाणे त्याचे वय किती? ३३ हिजरी वर्षे म्हणजे जवळजवळ ३२ इसवी वर्षे. त्यात कोणी ६२२ मिळवील काय? मिळवले, तर त्या बिचाऱ्याचे वय साडेसहाशेच्या वर जाईल! सन म्हणजे तापमानाचा अंक आणि वय म्हणजे तापमानातील फरक.

हा फरक केवळ परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक असेल आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. ४० हे तापमान आहे, ते फॅरनहाइटमध्ये १०४ होते. साडेचार हा फरक आहे, तो फॅरनहाइटमध्ये ८.१ होतो. एकाच वाक्यातले दोन आकडे दोन रीतींनी बदलावे लागतात.

घरातल्या तापाचेही तसेच आहे. फॅरनहाइट यांनी निरोगी शरीराचे तापमान ९६ धरले होते. त्यांच्या मृत्यूनंतर शास्त्रज्ञांनी ३२ आणि २१२ या दोन खुणा पक्क्या केल्या, तेव्हा शरीराचा अंक थोडा सरकला. पुढे १८६८ साली जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी हजारो रोग्यांची तापमाने तपासून ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी सांगितली. ३७ चे फॅरनहाइट केले, की बरोबर ९८.६ येतात. वुंडरलिख यांनी दिलेला ३७ हा गोळाबेरीज आकडा होता, त्यामुळे ९८.६ मधील ०.६ हे शरीराने दिलेले नाही, गुणाकाराने दिलेले आहे. प्रत्येक माणसाचे तापमान थोडे वेगळे असते आणि सकाळ-संध्याकाळही बदलते.

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये मोजतात आणि ताप अजून बहुतेक घरी फॅरनहाइटमध्येच मोजतात. पारा विषारी असल्यामुळे आता पाऱ्याच्या नळीऐवजी बॅटरीवर चालणारे तापमापक आले आहेत. त्यांतील काहींत बटण दाबले, की माप बदलते. अशा वेळी बाळाचा ताप दोन अंशांनी वाढला, एवढेच डॉक्टरांना फोनवर सांगून भागत नाही. फॅरनहाइटचे दोन अंश वाढले, तर ९८.६ चे १००.६ होतात, हा साधारण ताप. सेल्सिअसचे दोन अंश वाढले, तर ३७ चे ३९ होतात, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०२.२. तान्ह्या बाळाच्या बाबतीत या दोहोंत फार अंतर आहे. म्हणून आकडा सांगताना माप कोणते, तेही सांगायचे.

उन्हाळ्यात अचलपूर-परतवाड्याचे लोक घाट चढून चिखलदऱ्याला जातात. चिखलदरा अचलपूरपेक्षा सुमारे ७५० मीटर उंच आहे. हजार मीटर वर गेले, की हवा साधारणपणे साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. या हिशेबाने चिखलदऱ्याची हवा अचलपूरपेक्षा जवळजवळ ५ अंश सेल्सिअसने, म्हणजे ९ अंश फॅरनहाइटने थंड असायला हवी. वर हवेचा दाबही कमी असतो. फॅरनहाइट यांनी दाखवले होते, त्याप्रमाणे तेथे पाणी लवकर उकळते. अचलपुरात ते ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, चिखलदऱ्याला ९६ च्या आसपास. फरक सुमारे अडीच अंश सेल्सिअसचा, म्हणजे साडेचार अंश फॅरनहाइटचा. म्हणून चिखलदऱ्याला चहाचे पाणी लवकर खळखळते, पण उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ मात्र शिजायला अधिक वेळ घेते.